दोन तासांनी कूस बदलूनही बेडसोअर का होतो?

विचारलेला प्रश्न असा: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण, होऊ नये म्हणून नर्स नेमकं काय करतात? आणि दर दोन तासांनी कूस बदलली, एअर मॅट्रेस घातली, तरी काहींना जखम होतेच, ती का?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करते. पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

नर्स म्हणून नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. न्यूरो आयसीयूत एक आजोबा होते, मेंदूत रक्तस्राव झालेले, बेशुद्ध. अंगाखाली एअर मॅट्रेस होती. पोझिशन चार्ट अगदी चोख: डावी, पाठ, उजवी, पाठ, दर दोन तासांनी सही. त्यातल्या निम्म्या सह्या माझ्या. सहाव्या दिवशी सकाळी पाळी बदलताना, हँडओव्हरला, सीनियर सिस्टरनी त्यांना पूर्ण कुशीवर केलं, तर माकडहाडाच्या वर तळहाताएवढा जांभळा डाग. सिस्टर रागावल्या नाहीत. आम्ही ठेवायचो तसंच त्यांनी आजोबांना डाव्या कुशीवर ठेवलं, पाठीला उशी लावली आणि मला म्हणाल्या, "आता खाली हात घाल बघू." मी हात घातला. माकडहाड माझ्या बोटांवर टेकलेलं होतं. खांदा वळला होता, मान वळली होती, पायथ्याशी उभं राहून बघणाऱ्याला डावी कूस दिसत होती. कंबर मात्र जागची हललीच नव्हती. सहा दिवस आम्ही फक्त आजोबांचे खांदे वळवत होतो.

तो डाग पुढे फुटला, काळा पडला, साफ करावा लागला. जखम भरायला चार महिने गेले. तेव्हापासून कुणालाही वळवलं की मी खाली हात घालते. हाड आणि गादी यांच्यामधून हात मोकळा फिरला तरच कूस बदलली असं मानायचं.

हे कसं घडतं ते थोडक्यात सांगते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेमटतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचत नाही आणि पेशी दबून त्यांचा आकारच बिघडतो. सगळ्यात जास्त ताण हाडाला चिकटून असलेल्या भागावर येतो, त्यामुळे नासायला सुरुवात आतून होते आणि कातडीवर दिसतं ते शेवटी. त्या जांभळ्या डागामागचं नुकसान बहुधा दोन-तीन दिवस आधीच झालेलं असतं. मोठ्या ऑपरेशननंतर हे हमखास अनुभवाला येतं: चार-पाच तास टेबलावर एकाच स्थितीत असलेल्या रुग्णाच्या पाठीवर तिसऱ्या दिवशी डाग उमटतो आणि बोलणी खातो वॉर्ड. म्हणून ऑपरेशन थिएटरमधून रुग्ण परत आला की टेबलावर तो कुठल्या स्थितीत आणि किती वेळ होता, हे विचारून घ्यायचं.

दाबाइतकीच वाईट असते ती ओढ. पलंगाचं डोकं ४५-६० अंशांपर्यंत वर केलं की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. डोळ्याला काहीच दिसत नाही. नंतर दोघं येऊन काखेत हात घालून त्याला वर ओढतात, तेव्हा वरची कातडीही घासली जाते. अशा रुग्णाला दोन तासांनी वळवलं तरी मधले दोन तास त्याची पाठ पिळतच असते.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो प्रत्येक वेळी करावा लागतो. शक्य असेल तिथे डोकं ३० अंशांपर्यंतच ठेवायचं. भरवताना, नळीने फीड देताना, धाप लागलेली असताना ते वर करावंच लागतं, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं न्यूमोनिया टाळण्यासाठी ३०-४५ अंशांवर असतं. तिथे कातडीसाठी फुप्फुसाचा बळी द्यायचा नाही. मग युक्ती अशी: आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर करायचा, मग डोक्याकडचा. डोकं वर झालं की रुग्णाला क्षणभर पुढे झुकवून पाठ चादरीपासून सोडवायची. आमच्याकडे याला 'पाठ सोडवणं' म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नवीन मुलींना मी पहिल्याच आठवड्यात पलंगावर झोपवते, डोकं वर करते आणि सांगते, वीस मिनिटं हलायचं नाही. दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. मग पाठ सोडवून दाखवते. तो 'हुश्श' एकदा स्वतःच्या अंगाने अनुभवला की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता कूस बदलण्याचं तंत्र. दोन माणसं आणि रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घातलेली ड्रॉ शीट हवीच. वर सरकवताना उचलायचं, ओढायचं नाही. कुशीवर करताना पूर्ण ९० अंशांत आडवं केलं की सगळा भार खुब्याच्या टोकदार हाडावर येतो, आणि तिथली जखम फार लवकर खोल जाते. म्हणून ३० अंशांचा कल द्यायचा: पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी, खालचा खुबा हाताने किंचित पुढे घेतलेला, वरचा पाय थोडा वाकवून गुडघ्यांच्या मध्ये दुसरी उशी. भार मग कुल्ल्याच्या मांसल भागावर येतो. माकडहाडही सुटतं आणि खुब्याचं हाडही. शेवटी हात घालून बघायचं. उशी मऊ, जुनी असेल तर तासाभरात बसते आणि रुग्ण पुन्हा पाठीवर येतो, म्हणून येता-जाता नजर ठेवावी लागते.

टाच वेगळी सांगते, कारण तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तिथे हाडावर मांस जवळजवळ नसतंच. उशी पोटरीखाली लांबवर घालायची, गुडघा अगदी किंचित वाकलेला, आणि टाच हवेत. टाचेखाली कागद सरकवला तर अडकायला नको. उशी फक्त घोट्याजवळ घातली तर दाब टाचेच्या वरच्या शिरेवर येतो, तेही नको. मधुमेही किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णाच्या टाचेची जखम पुढे पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवायची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. मोजा फुगलेला असतो, टाच त्यावरून घसरते, दाब काही सुटत नाही. मध्ये भोक असलेली गोल रबरी रिंग तर मी दिसली की काढूनच टाकते. मधला भाग अधांतरी राहतो खरा, पण रिंगची कड भोवतीचा रक्तपुरवठा आवळते.

'दोन तास' हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. चांगल्या फोमच्या गादीवर, कातडी धडधाकट असलेल्या रुग्णाला चार तासांनी वळवलं तरी काहींना चालतं. उलट हाडांचा सापळा झालेल्या, रक्तदाब टिकवायचं औषध चालू असलेल्या रुग्णाची कातडी एका तासात लाल होते. घड्याळाबरोबर कातडीलाही विचारावं लागतं. वळवल्यावर ज्या जागेवरून उठवलं ती जागा बघायची. लालसर असेल तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडायचं. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा लाली आली, तर रक्त अजून फिरतंय. दाबूनही लाली तशीच राहिली, तर ती पहिली पायरी, जखम सुरू झालेली आहे. त्या जागेवर रुग्णाला परत ठेवायचं नाही आणि वळवण्याचं अंतर कमी करायचं.

सावळ्या किंवा काळ्या कातडीवर मात्र ही लाली सहसा दिसत नाही. पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात, आणि त्यामुळे पुष्कळ जखमा फुटल्यावरच कळतात. इथे हाताच्या पाठीने तपासायचं: जागा शेजारच्यापेक्षा गरम आहे की गार, कडक लागते की पिठासारखी मऊ, हात लावला की रुग्ण आक्रसतो का. रंग शेजारच्या कातडीशी ताडून बघायचा, तोही चांगल्या उजेडात. वॉर्डातल्या रात्रीच्या दिव्यावर भरवसा नाही. मी खिशात छोटी टॉर्च ठेवते.

बघायच्या जागा पाठ असलेल्या बऱ्या: डोक्याची मागची बाजू (तान्ह्या बाळांना सगळ्यात आधी इथेच होते), कान, खांद्याची पाती, कोपर, माकडहाड, खुबे, बैठकीची हाडं, घोटे, टाचा. आणि जिथे जिथे आपण काही लावलंय ती प्रत्येक जागा. हे विसरलं जातं. ऑक्सिजनची नळी कानामागे कापते, श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क नाकाच्या दांड्यावर रुततो, नाकातली फीडची नळी नाकपुडीच्या कडेला, तोंडातल्या ट्यूबची पट्टी ओठाच्या कोपऱ्यात, मानेची कॉलर हनुवटीखाली. लघवीची नळी मांडीखाली दबून राहिली तर मांडीवर नळीचा छापच उमटतो. ही साधनं दर पाळीला निदान एकदा सैल करून, खालची कातडी बघून, शक्य तर जागा बदलून पुन्हा लावायची. गादीत हरवलेलं सुईचं टोपण, थर्मामीटरचा डबा, फोनचा चार्जर, हेसुद्धा मी रुग्णांच्या पाठीखालून काढलेले आहेत.

ओल हा वेगळा शत्रू. लघवी, पातळ जुलाब, घाम यांनी कातडी भिजून मऊ पडते आणि मग थोड्या दाबानेही सोलते. नुसत्या ओलीने झालेली लाली आणि दाबाने झालेली जखम यांत गल्लत होते. ओलीची लाली पसरट असते, कडा अस्पष्ट, घड्यांमध्ये आणि जांघेत जास्त, आणि ती आग आग करते. दाबाची जखम हाडाच्या बरोबर वर, आकाराने बांधीव. दोन्ही एकत्रही असतात. नेहमीचा अंगाचा साबण कातडीला कोरडं आणि क्षारीय करतो. कातडीला थोडं आम्लच बरं वाटतं. म्हणून सौम्य क्लेन्झर किंवा नुसतं कोमट पाणी वापरायचं, खसाखसा न पुसता टिपायचं आणि मग झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोन असलेल्या क्रीमचा पातळ थर द्यायचा. जाड थर दिला की पुढच्या वेळी तो काढण्यासाठी घासावं लागतं आणि त्यातच कातडी जाते. टाल्कम पावडर नको. घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्या वाळूसारख्या घासतात. डायपर तासन् तास तसाच ठेवून, वर मॅकिंटॉश (रबरी चादर), त्यावर दोन चादरी, त्यावर पॅड, असा थर रचला तर खालची महागडी गादी असून नसल्यासारखी.

गादीचा विषय निघालाच आहे. एअर मॅट्रेस मदत करते, राखण करत नाही. तिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात, बसतात, पण पंप चालू आहे का, वजनाचा खटका रुग्णाच्या वजनाशी जुळतो का, सीपीआरच्या वेळी गादीतली हवा झटकन सोडायचा व्हॉल्व्ह चुकून उघडा राहिला नाही ना, हे कुणी बघितलंच नाही तर ती नुसती प्लॅस्टिकची चादर. माझी पद्धत: एअर मॅट्रेसखाली, बरोबर रुग्णाच्या कमरेखाली, तळहात वर करून हात सरकवायचा. हाताला रुग्णाचं हाड जाणवलं, तर गादी बसलेली आहे आणि माणूस खालच्या पलंगावरच झोपलाय. आणि वळवणं चुकत नाही, गादी कितीही भारी असो. जास्त धोका असलेल्यांना माकडहाडावर आणि टाचांवर सिलिकॉनचं फोम ड्रेसिंग आधीच लावतात. त्याचा उपयोग होतो, पण रोज त्याची एक कड उचलून खाली बघायचं. झाकलं की विसरलं, असं व्हायला नको.

इथे माझी एक कबुली. आम्ही शिकत होतो तेव्हा 'बॅक केअर' म्हणजे स्पिरिट लावून, पावडर टाकून लाल झालेल्या जागेला चांगलं चोळायचं, रक्त फिरतं म्हणून. मी ते कित्येक वर्षं मनापासून केलं. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि लाल जागेखालच्या आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या चोळल्याने फाटतात. आज हाडावरच्या लाल जागेला चोळायचं नाही, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. घरी प्रेमाने पाठ चोळणाऱ्यांना थांबवताना जड जातं, पण थांबवायचं. लाल जागा सोडून आजूबाजूला मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावायला काहीच हरकत नाही.

धोका कुणाला जास्त, हे ठरवायला मोजपट्ट्या आहेत. डोरीन नॉर्टन यांची १९६२ची मोजपट्टी ही सुरुवातीच्यांपैकी. आता सगळ्यात जास्त चालते ती १९८०च्या दशकात आलेली ब्रेडन. तिच्यात सहा गोष्टी बघतात: जाणीव, ओल, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हालचाल, आहार, आणि घर्षण-ओढ. गुण ६ ते २३. १८ किंवा कमी म्हणजे धोका, ९ किंवा कमी म्हणजे फारच. दाखल झाल्यावर लवकरात लवकर आणि तब्येत बदलली की पुन्हा काढायचे. माझं मत विचाराल तर बेरजेपेक्षा कुठल्या रकान्यात कमी गुण आहेत ते बघा. ओलीचे गुण कमी असतील तर गादी बदलून काय उपयोग? आणि एकूण १९ गुण असलेले पण खाणं जवळजवळ बंद झालेले आजोबा 'धोका नाही' म्हणून सुटतात, हे मी बघितलंय.

आहाराचं थोडक्यात: धोक्यातल्या कुपोषित रुग्णाला साधारण दर किलो वजनामागे रोज ३०-३५ कॅलरी आणि १.२५-१.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७५-९० ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच. आज तपासणी, उद्या स्कॅन, म्हणून रुग्ण वारंवार उपाशी राहतो. ते उपास कोण मोजतंय, हे नर्सनेच विचारायला हवं.

खुर्चीत बसवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. बसल्यावर सगळा भार दोन बैठकीच्या हाडांवर येतो, म्हणजे दाब झोपल्यापेक्षा जास्त. स्वतः हलता न येणाऱ्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसवू नये. पाय जमिनीला किंवा फूटरेस्टला टेकलेले असावेत, नाहीतर तो पुढे घसरतो आणि तीच ओढ सुरू. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना आम्ही व्हीलचेअरवर दर १५-३० मिनिटांनी पुढे झुकून किंवा बाजूला कलून भार हलका करायला शिकवतो, आणि तो झुकाव एक-दोन मिनिटं टिकवायला. हातांवर जोर देऊन क्षणभर उचललं की झालं, असं वाटतं, पण तेवढ्याने रक्त पुरेसं परत येत नाही.

काही रुग्ण इतके नाजूक असतात की वळवलं की रक्तदाब कोसळतो. तरी 'वळवू नये' असा शेरा मारून मोकळं व्हायचं नाही. अगदी हळू, १०-१५ अंशांचा कल देऊन बघायचा आणि मॉनिटरवर काही मिनिटं नजर ठेवायची. पुष्कळदा आकडे सावरतात. तेही जमत नसेल तर डोकं, हात, टाचा तरी थोड्या थोड्या वेळाने हलवायच्या.

आणि हो, प्रत्येक बेडसोअर टाळता येतो असं मी म्हणणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहून ठेवलं की बेडसोअर हा बहुधा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष. त्याच शतकात फ्रान्सचे चेतातज्ज्ञ शार्को सांगत होते की मेंदू आणि मज्जारज्जूच्या इजेमुळेच तो होतो, शुश्रूषा करून फरक पडत नाही. माझा कल बाईंकडे आहे, पण पूर्ण नाही. शेवटच्या दिवसांत, अवयव एकेक थकत असताना, कातडीही हरते. तिथे वळवताना कळा येत असतील तर मी वेदनाशामक देऊन, अर्धा तास थांबून वळवते, आणि कधी कधी रुग्ण 'नको' म्हणाला तर ऐकते. ते लिहूनही ठेवते.

दोष देण्याचा एक तोटा मी जवळून पाहिलाय. ज्या वॉर्डात जखम सापडली की सिस्टरला मेमो मिळतो, तिथे पहिल्या पायरीच्या जखमा कागदावर कधीच नसतात. तिथली जखम एकदम फोड फुटलेल्या अवस्थेतच 'जन्माला' येते, कारण लाली दिसली तेव्हा ती लिहायची कुणाची छाती झाली नाही. आमच्या सीनियर सिस्टरनी त्या दिवशी मला ओरडा दिला असता, तर मीही पुढच्या वेळी डाग चादरीखालीच ठेवला असता.

त्यांनी त्याऐवजी दोन गोष्टी बदलल्या. हँडओव्हर टेबलावरून उठून पलंगाजवळ आला: जाणारी आणि येणारी, दोघींनी मिळून रुग्णाला वळवायचं, पाठ आणि टाचा बघायच्या, दोघींनी सही करायची. त्यामुळे रात्रीचं सकाळवर आणि सकाळचं रात्रीवर ढकलणं थांबलं. आणि पोझिशन चार्टवर 'डावी-पाठ-उजवी'च्या शेजारी पट्टीने रेघ मारून, हाताने लिहून, त्यांनी एक रकाना वाढवला: 'हात गेला का?'